डावीकडचा डाव

दादाला डावीकडचं दिसत नाही, हे जगात सगळ्यात आधी मला कळलं. वहिनीच्या आधी, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या आधी, खुद्द दादाच्याही आधी. कळल्यावर मी काय केलं, तर चौदा महिने त्याचा फायदा घेतला. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कितीही गोड बोलले तरी कुणी फसायला नको.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दादा टीव्ही दुरुस्त करतो, मी शेजारच्या टेबलावर बसून सोल्डरिंग करते. पाटीवर नाव दादाचं. बारीक काम सगळं माझ्या हातचं, पण पाटीला ते माहीत नाही. गिऱ्हाईकाने कौतुक केलं तर दादा म्हणतो, ठिणगीचा हात हलका आहे, डोकं तेवढं जड आहे. ठिणगी म्हणजे मी. सहा वर्षांची असताना त्याने उघडून ठेवलेल्या टीव्हीत मी स्क्रूड्रायव्हर घातला आणि घरभर अंधार केला, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते आज त्रेचाळिसाव्या वर्षीही निघालेलं नाही. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्यांचे रिमोट मी मुद्दाम दोन दिवस उशिरा देते.

दुपारी जेवण झालं की एक ते दोन आम्ही शटर अर्धं खाली ओढायचो आणि खेळायचो. कुणीतरी दुरुस्तीला टाकून न्यायला न आलेलं गेमचं यंत्र आहे, त्यात रणगाड्यांचा एक खेळ आहे. एक मैदान, त्यात भिंती, झाडी, मधून वाहणारी नदी, तिच्यावर मधोमध एक पूल. दोघांचे दोन रणगाडे एकाच पडद्यावर. समोरच्याचा रणगाडा तीनदा उडवला की डाव संपला. अकरा वर्षं आम्ही एवढा एकच खेळ खेळलो. वहिनी म्हणायची, दोन घोडे झाले तरी अक्कल नाही. पण एक वाजला की तीच येऊन शटर ओढायची.

कोण किती डाव जिंकलं याच्या रेघा सुट्या भागांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने मारलेल्या आहेत. पेन्सिलने. दादाला प्रत्येक गोष्टीवर तारीख टाकायची खोड आहे. एखाद्या टीव्हीत कपॅसिटर बदलला तरी त्यावर बारीक अक्षरात तारीख घालतो, म्हणजे पुढे कधी बिघडला तर किती टिकला ते कळावं. तसं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो दारावर तारीख घालायचा आणि खाली दोन रांगा सुरू व्हायच्या. त्याची भरगच्च, माझी विरळ. जवळजवळ दहा वर्षं मी हरत होते. कामात तो वरचढ, पाटीवर तो, खेळातही तोच. हसत हसत हरायची सवय झाली होती मला, पण हसणं वेगळं आणि आवडणं वेगळं.

मग एका महिन्यात मला एक गोष्ट दिसली. मी पडद्याच्या डाव्या कडेने, झाडीच्या मागून सरकत आले की दादा बघतच नाही. उजवीकडून आले तर डोळ्याचं पातं लवायच्या आत गोळी. डावीकडून आले तर अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला पत्ता नाही. पहिल्यांदा वाटलं नशीब. मग मुद्दाम करून बघितलं, तर दर वेळी तेच. मी त्याला ‘दिसत नाही’ असं म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, त्याचं तिकडे लक्ष नसतं. शब्द बदलला की पाप हलकं वाटतं.

त्या महिन्यात माझी रांग त्याच्या रांगेइतकी झाली. पुढच्या महिन्यात पुढे गेली. मी बोलून दाखवलं नसतं तर ठिणगी कसली. दादा म्हणाला, कानामागून आली आणि तिखट झाली. मी म्हटलं, तिखट होतेच, तुला चव उशिरा कळली. वहिनी हसली, दादाही हसला. पण त्याला लागलं होतं, ते मला दिसलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

कुठलाही मेकॅनिक बिघाड आधी यंत्रात शोधतो. दादाने ठरवून टाकलं की टीव्ही गेला. आमचा जुना टीव्ही काचेच्या ट्यूबचा होता, मागे मोठं पोट असलेला. अशा टीव्हीची ट्यूब वीस वर्षांनी थकते, चित्र मंद पडतं, काळोख्या जागी काही उमटत नाही. दादाने असे शेकडो टीव्ही बघितले होते, त्यामुळे त्याला शंकाच आली नाही. रोज खेळायच्या आधी तो मागचं झाकण काढायचा आणि उजेडाचा स्क्रू किंचित फिरवायचा. मी म्हणायचे, चित्र ठीक आहे. तो म्हणायचा, तुला काय कळतंय, डावीकडचा सगळा भाग मेलाय. हे शब्द त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, डावीकडचा भाग मेलाय म्हणून. मी ऐकलं आणि म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं.

त्याने स्क्रू इतका फिरवला, इतका फिरवला की शेवटी चित्र खरंच बिघडलं. सगळं पांढरट, रणगाडे पिठात बुडवून काढल्यासारखे. तरी तो म्हणायचा, अजून मंदच आहे.

बाकीची लक्षणंही समोर होती, कुणी डोळे उघडून बघितली असती तर. गरम सोल्डरिंग गन त्याच्या डाव्या हाताला असायची. मनगटावर आठवड्याला एक चटका बसू लागला. त्याने गन उजवीकडे ठेवली. मग पक्कड उजवीकडे आली, मग स्क्रूंच्या डब्या, मग चहाचा कप. टेबलाची डावी बाजू रिकामी, उजवीकडे ढीग. वहिनीने डावीकडे ठेवलेला चहा तो रोज सांडायचा. ती करवादायची, हा म्हणायचा, कप ठेवायची ही जागा आहे का. मागच्या खोलीत जाताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. त्याने चौकटीला शिव्या दिल्या, आणि एका रविवारी ती चक्क रंध्याने तासून बारीक केली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हे.

मग नवा टीव्ही आला. आला म्हणजे दादाने तो घडवला. एका गिऱ्हाईकाचा मोठा सपाट हाय डेफिनिशन टीव्ही आतला बोर्ड जळून बंद पडला होता, दुसऱ्याचा तसलाच पडद्याला तडा जाऊन पडला होता. दोघांनीही नको, तुम्हीच ठेवा म्हणून सोडून दिले. दादाने याचा पडदा आणि त्याचा बोर्ड असं लग्न लावलं. आतल्या दिव्यांच्या पट्ट्या मी बदलल्या. तीन दुपारी खेळ बंद ठेवून आम्ही तेच केलं. चौथ्या दुपारी जुना टीव्ही जमिनीवर उतरवला, नवा भिंतीवर चढवला, गेमच्या यंत्राची तीन रंगांची जुनी वायर काढून नवी एकच वायर लावली. दादाने स्टूलवरून उतरून हात झटकले आणि म्हणाला, आता बघतो तुझं तिखट.

चित्र लागलं आणि मी बघतच राहिले. अकरा वर्षं आम्ही जे खेळत होतो ते आम्ही बघितलंच नव्हतं. नदी म्हणजे निळा पट्टा नव्हता, तिच्यात मासे होते. रणगाड्याच्या बाजूचा चिखलाचा डाग म्हणजे आकडा निघाला. कोपऱ्यातली खालची जी ओळ आम्ही कायम मुंग्या समजत आलो, ती चांगली वाचता येणारी अक्षरं होती, त्यात गोळ्या किती उरल्या ते लिहिलेलं असायचं. अकरा वर्षं आम्ही गोळ्या मनात मोजत होतो. आधी बटण दाबल्यावर गोळी किंचित मागून सुटत होती. दादाने टीव्हीच्या यादीत जाऊन गेमची सेटिंग लावली, तशी बोट आणि गोळी एक झाली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुन्या चौकोनी पडद्यावर मैदानाच्या दोन्ही कडा कापल्या जात होत्या. या लांबट पडद्यावर मैदान दोन्हीकडे पसरलं. डाव्या कडेला तर एक आख्खा टेहळणीचा मनोरा होता आणि त्यावर एक टीचभर माणूस बसून हात हलवत होता. कोण जाणे किती वर्षं हलवत होता बिचारा.

मी दादाला म्हटलं, तो माणूस बघ. दादा म्हणाला, हो, छान आहे. मी विचारलं, कुठे आहे सांग. त्याने मान फिरवली. डोळे नाही, सगळी मान. पलंगाखाली चप्पल शोधावी तशी पडद्यावरून नजर घासत घासत नेली, आणि शेवटी डाव्या टोकाला पोचल्यावर म्हणाला, हा काय, हा. मला हसू आलं नाही. पण मी काही बोललेही नाही, खेळायला बसले.

जागा त्याच होत्या, खुर्च्या त्याच, अंतर तेच. पडदा दुप्पट रुंद. छोट्या टीव्हीवर निदान निम्मं मैदान तरी त्याच्या नजरेत मावत होतं. आता कड कितीतरी लांब गेली होती. दादा पहिला डाव हरला, दुसरा हरला, पाचवा हरला. मी दिसेनाशी झाले की तो नेहमी अंदाजपंचे गोळ्या झाडायचा, त्याची एक ठरलेली लय होती. टक, टक, मग लगेच दोन टकटक, मग थांबून एक टक. त्या दिवशी पूर्ण तासभर तीच लय चालू होती.

सातव्या डावात मला कसली बुद्धी झाली कोण जाणे. मी माझा रणगाडा झाडीतून बाहेर काढला आणि डाव्या बाजूला उघड्या मैदानात, मनोऱ्यासमोर नेऊन उभा केला. आड भिंत नाही, झाड नाही. लखलखीत उजेडात, चकचकीत नव्या चित्रात मी उभी. दादा मैदानाच्या मधोमध गोल गोल फिरत होता. नाकावर घाम आला होता. तो म्हणाला, “कुठे लपलीस गं?”

मी लपले नव्हते. त्या क्षणी मला सगळं कळलं. लक्ष नसणं वेगळं, हे वेगळं, हे मला नखशिखांत कळलं. आणि मी काय केलं? मी गोळी झाडली. त्याचा रणगाडा फुटला, आगीची एकेक ज्वाळा वेगळी दिसावी इतका सुरेख फुटला. मी उठून कपाटाच्या दारावर सातवी रेघ मारली.

त्यानंतर सोळा दिवस मी गप्प बसले. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू. पण सांगायचं म्हणजे कधीपासून माहीत आहे तेही सांगायला हवं. एवढ्या सगळ्या रेघा खोट्या आहेत असं सांगायला हवं. माझ्या आयुष्यात त्या रेघांशिवाय माझ्या नावावर काही नव्हतं. हे कारण पुरेसं नाही, ते मला समजतं. पण होतं ते एवढंच होतं.

सतराव्या दिवशी दादा गुडघा फोडून घेऊन आला. समोरचा रस्ता ओलांडताना सायकलवाला आडवा आला म्हणे. आंधळा मेला, दादा ओरडत होता, एवढा मोठा माणूस दिसत नाही त्याला. वहिनीने विचारलं, कुठल्या बाजूने आला? दादा म्हणाला, डावीकडून, कुठून तरी उगवला. वहिनी जखम पुसत होती आणि मी कापूस धरून उभी होते. सायकलच्या जागी ट्रक असता तर, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी वहिनीला म्हटलं, उद्या याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊ. चष्म्याचा नंबर बदलला असेल. नंबर! तेव्हासुद्धा मी नंबर म्हटलं.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, थेंब घातले, उजेड टाकून आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा कामाचा झाला. म्हणाल्या, आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी करून या.

ती तपासणी अंधाऱ्या खोलीत होती, बाहेर बाकावर मी आणि वहिनी. दार अर्धवट उघडं होतं. आतल्या बाईंनी दादाला पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवायला सांगितली, हातात बटण दिलं. म्हणाल्या, मधल्या ठिपक्याकडेच बघत राहायचं, आजूबाजूला कुठेही बारीक ठिणगी दिसली की दाबायचं. दादा म्हणाला, ठिणगी काय, मला घरबसल्या दिसते. बाई हसल्या. वहिनीने मला कोपरखळी मारली.

पहिला उजवा डोळा झाला, मग उजव्यावर पट्टी लावून डावा. पट्टी लावल्यावर दादाने विचारलं, “मशीन चालू आहे ना?” बाई म्हणाल्या, चालू आहे. मग आतून बटणाचा आवाज येऊ लागला. टक, टक, मग लगेच दोन टकटक, मग थांबून एक टक.

तो खेळत होता. त्याला काही दिसत नव्हतं आणि तो हरायला तयार नव्हता, म्हणून अंदाजपंचे दाबत सुटला होता. जगात तो आवाज ओळखणारी एकटी मी होते.

दादा बाहेर आला तो छाती काढूनच. कागद बघून आतल्या बाई जरा घुटमळल्या. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा बघितला. म्हणाल्या की आतली नस बघता इतकं दिसायला नको, आणि कागद म्हणतो बऱ्याच ठिकाणी दिसतंय. ठिणगी नसतानाही बटण दाबलं गेलंय, त्यामुळे या कागदावर भरवसा ठेवता येत नाही. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? वहिनी म्हणाली, दोनेक महिने, चहा सांडतात. दादा म्हणाला, त्रास कसला, आमचा टीव्ही जुना होता, ट्यूब गेली होती. नवा लावलाय आता. एक नंबर चित्र आहे.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. काय लिहिणार होत्या मला माहीत नाही. मी म्हटलं, “तो अंदाजाने दाबतोय. त्याला डावीकडचं दिसत नाही. मागच्या वर्षीपासून दिसत नाही. चौदा महिने झाले.”

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. दादाने मान फिरवली. मी त्याच्या डाव्या हाताला बसले होते, म्हणून त्याला सगळी मान फिरवावी लागली.

“तुला कसं माहीत?” तो म्हणाला.

“मी तिकडूनच जिंकते.”

डॉक्टरीणबाईंना अर्थ लागला नसावा, पण त्यांनी चौदा महिने लिहून घेतलं. तपासणी परत झाली. या वेळी दादाला त्यांनी बजावलं की ही परीक्षा नाही, न दिसलं तर गप्प बसायचं. आतून आवाज फार थोडा आला. उजव्या डोळ्याच्या वेळी मध्ये मध्ये टक. डाव्याच्या वेळी इतकी शांतता होती की वहिनीने माझा हात धरला, आणि मग कुणाचा हात धरलाय ते आठवून सोडला.

कागदावर डावा डोळा जवळजवळ पूर्ण काळा, उजव्याची डावी बाजू काळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. वहिनीने सुटकेचा श्वास टाकला. बिंदूच ना, मग काढून टाका, म्हणाली. माझ्या आईचा काढला तर आठवड्यात पेपर वाचायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तो मोतीबिंदू. तो काढला की उजेड परत येतो. या काचबिंदूत दाबाने नस वाळत जाते, गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून उरलेली सांभाळायची, तेवढंच हातात.

दादा कागदाकडे बघत होता. म्हणाला, काचेचं म्हणजे बदलता येतं असं मला आयुष्यभर वाटत आलं. मग त्याने विचारलं, “वर्षापूर्वी आलो असतो तर?”

“बरंच वाचलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे सख्ख्या भावंडांत असू शकतं म्हणून त्यांनी माझीही तपासणी केली. मी त्या यंत्रात हनुवटी टेकवली, आणि ठिणग्या सगळीकडे दिसल्या. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. माझे डोळे स्वच्छ निघाले. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की बाहेर येऊन मी खोटंच सांगणार होते.

वहिनी दीड महिना माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट माझ्या डाव्या हाताला आपटून ठेवायची. दादा बोलला. तो रागावला असता तर सोपं गेलं असतं. चौथ्या दिवशी त्याने कपाटाचं दार उघडलं, नाक दाराला लावून रांगा वाचल्या, आणि मला हाक मारली. मी खोडरबर घेऊनच गेले. म्हटलं, खोडून टाकते सगळ्या. तो म्हणाला, हात लावू नकोस. बोटाने त्याने तो महिना शोधून काढला, जिथे माझी रांग त्याच्या रांगेला पोचली होती. मग खाली खाली येत गेला. प्रत्येक महिन्याला थांबत होता. एखाद्या टीव्हीतला भाग किती टिकला ते वाचावं तसं त्याने वाचलं.

“इतक्या हळू हळू गेलं,” तो म्हणाला. “मला वाटायचं तू सुधारतेयस.”

मी रडले. तो उभाच होता. म्हणाला, “जिंकायचीस तेव्हा खूश दिसायचीस. एवढं समोरचं मला दिसत होतं.”

मग त्याने जे काढलं ते दादाच काढू जाणे. त्याने खुर्ची पडद्यासमोर बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्या चारी पायांभोवती जमिनीवर रंगाने खुणा केल्या. म्हणाला, दवाखान्याची तपासणी चार महिन्यांनी, तोवर मी काय हातावर हात धरून बसू? महिन्याच्या पहिल्या तारखेला मी इथे बसणार, मधल्या पुलाकडे बघत राहणार. तू तुझा रणगाडा डाव्या टोकापासून सावकाश आत आणायचा. दिसली म्हणालो की थांबायचं, आणि त्या जागी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. तारीख घालून. चित्र इतकं स्वच्छ आहे, की आता दोष चित्राचा नाही एवढं तरी नक्की. वहिनी दारातून ऐकत होती. ती म्हणाली, हिच्यावर सोपवताय? दादा म्हणाला, तिकडची वाट तिच्याइतकी कुणाला माहीत आहे?

तेवढ्यासाठी तरी तो टीव्ही कामाचा ठरला. एरवी आम्ही आता खेळत नाही. एकदा मी मुद्दाम उजवीकडून, त्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिले, तर त्याने यंत्रच बंद केलं. म्हणाला, भीक नको.

पहिली पट्टी लागली. दुसऱ्या महिन्यात त्याच जागी दुसरी, तिसऱ्यात तिसरी. एकावर एक, जराही सरकली नाही. थेंब लागू पडले होते. तिसऱ्या पट्टीच्या दिवशी वहिनीने माझं ताट नीट ठेवलं. दादाने पुन्हा मला डोक्याने जड म्हटलं, आणि मला वाटलं निभावलं.

आज पुन्हा पहिली तारीख, चौथी पट्टी लावायची होती. दुपारी एक वाजता वहिनीने शटर ओढलं. दादा खुणांवर खुर्ची ठेवून बसला, पुलावर नजर लावली. मी डाव्या टोकाहून निघाले. मनोऱ्यावरचा माणूस हात हलवत होता. झाडी गेली, भिंत गेली, माशांचं वळण आलं. तीन पट्ट्या लावलेल्या जागी मी पोचले आणि सवयीने हात थांबवला. दादा काही बोलला नाही. मी थोडी पुढे गेले. तो गप्प. त्याच्या हातात खेळाचा त्याचा रिमोट होता, आणि गोळीचं बटण दाबायचं नाही म्हणून त्याने अंगठा बाजूला धरला होता. मी आणखी पुढे गेले.

“दिसली,” तो म्हणाला.

मी उठून पट्टीचा तुकडा कापला. आधीच्या तीन पट्ट्या आणि ही जागा यांच्यामध्ये बोटं ठेवून मोजलं. वहिनीचा चेहरा दारात पांढरा पडला होता. तिने मला डोळ्यांनी खुणावलं, त्याच जागी लाव म्हणून. माझ्याशी दीड महिना न बोललेली बाई मला खोटं बोलायला सांगत होती, आणि मला तिचा राग आला नाही.

दादाने नजर पुलावरून हलवली नव्हती. मान फिरवली असती तर त्याला पट्टी दिसली असती. पण त्याने फिरवली नाही.

“मी बघत नाही,” तो म्हणाला. “तू सांग. तिथेच आहे ना?”

मी पट्टी लावली, तिच्यावर आजची तारीख घातली.

“नाही दादा,” मी म्हटलं. “दोन बोटं आत आलीय.”

त्याने पुलावरची नजर काढली. मग म्हणाला, बरं, आणि वहिनीला दवाखान्याचा नंबर लावायला सांगितलं.